निकाल राखून ठेवण्याची रीत
(प्रस्तावना)

१

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने या धक्क्याची नोंद ४.५ अशी केली. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतल्या गावांना हे अगदीच नवे नव्हते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि कुरुंदा परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, माणसे लेकरेबाळे घेऊन अंगणात येतात, हे कित्येक वर्षे चालू आहे. वर्तमानपत्रे त्याला ‘गूढ आवाज’ म्हणतात.

गूढ म्हटले की उत्तरांना तोटा नसतो. जमिनीखाली पोकळ्या आहेत, बोअरवेलींनी पाणी उपसून थर खचवले, सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांच्या साठ्याचा भार पडला, किल्लारीसारखे काहीतरी होणार आहे, देवाचा कोप झाला आहे. पारावर आणि मोबाईलवर अशी सगळी उत्तरे सारख्याच ठामपणे सांगितली जातात. शास्त्राला यातले काही चांगले ठाऊक आहे. उथळ, सौम्य भूकंपाची कंपने जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला स्फोटासारखी ऐकू येतात. आवाज कसा होतो हे कोडे नाही. पण ताण नेमका याच पट्ट्यात का साठावा, मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याचा त्यात वाटा किती, आणि उद्या काय होईल, या प्रश्नांवर छातीठोक उत्तर देणाऱ्याला पुरावा दाखवावा लागतो, आणि तिथे बहुतेक उत्तरे थांबतात.

मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना दिलेली एक सूचना मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून घराच्या पत्र्यांवर दगड ठेवतात. ते दगड ताबडतोब काढून घ्या, असे सांगण्यात आले. ही सूचना देण्यासाठी भूकंपाच्या कारणांचा निवाडा करावा लागला नाही. जमीन हलते, हे सर्वांनी अनुभवलेले. ती का हलते, हा प्रश्न तपासासाठी खुला. आणि डोक्यावरचा दगड मात्र आजच खाली. अनुभव, त्याचे स्पष्टीकरण आणि करायची कृती या गोष्टी अशा वेगळ्या ठेवता आल्या, की न कळलेल्या गोष्टीवर खोटा निकाल द्यावा लागत नाही, आणि निकाल लागला नाही म्हणून हात बांधून बसावेही लागत नाही. या पुस्तकाचा विषय हाच आहे: निकाल राखून ठेवण्याची तत्त्वज्ञानातली साधना.

मराठवाड्याला घाईच्या निकालाची किंमत माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. इथला काळा पाषाण स्थिर आहे, इथे भूकंप व्हायचा नाही, हा समज एवढा पक्का होता की १९९२ मध्ये त्याच परिसरात जाणवलेल्या लहान धक्क्यांनीही तो हलला नाही. पुढे २००२ मध्ये नकाशाची फेरमांडणी झाली तेव्हा पहिला विभागच काढून टाकण्यात आला. ‘भूकंप येणारच’ हा जसा घाईचा निकाल असतो, तसा ‘भूकंप येणार नाही’ हाही घाईचा निकाल असतो. नाही म्हणणारा माणूस आपोआप सावध ठरत नाही, हे या विषयाच्या वाचकाने पहिल्याच पानावर ध्यानात घ्यावे.

२

ग्रीक तत्त्वज्ञानात या साधनेला ‘एपोखे’ म्हणतात, आणि तिचा आद्य पुरुष म्हणून एलिस गावच्या पिऱ्होचे नाव घेतात. त्याचा काळ इ.स.पू. सुमारे ३६० ते २७०. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो अनाक्सार्कस या आपल्या गुरूसह भारतापर्यंत आला होता आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला होता, असे त्याचा चरित्रकार दायोगेनीस लाएर्तियस सांगतो. पिऱ्होने स्वतः काही लिहून ठेवले नाही. पुढे इ.स.पू. पहिल्या शतकात एनेसिदेमस याने त्याच्या नावाची परंपरा नव्याने उभी केली. आज ती आपल्याला समजते ती मुख्यतः सेक्स्टस एम्पिरिकस याच्या ग्रंथांमुळे. हा इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला वैद्य होता. त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५६२ मध्ये छापले गेले, मोंतेन्यसारख्या निबंधकाराने ते मनापासून वाचले, आणि युरोपातल्या आधुनिक विचाराला नवे वळण लागले. विसाव्या शतकात हुसेर्लने १९१३ च्या आपल्या ग्रंथात ‘एपोखे’ हेच नाव वेगळ्या कामासाठी घेतले: जगाच्या अस्तित्वाबद्दलचा आपला रोजचा विश्वास बाजूला ठेवून जाणिवेचेच निरीक्षण करण्यासाठी. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे येईल.

सेक्स्टसने ग्रंथाच्या आरंभीच शोध घेणाऱ्यांचे तीन वर्ग केले आहेत. काहींना वाटते की सत्य आपल्याला सापडले. काही म्हणतात की ते सापडणे शक्यच नाही. तिसरे अजून शोधत आहेत. सेक्स्टस स्वतःला तिसऱ्या वर्गात घालतो. संशयवादी म्हणजे सगळे नाकारणारा, ही समजूत इथेच सोडून द्यावी लागते. ‘काहीच कळू शकत नाही’ असे म्हणणारा माणूसही एक निकालच देत असतो, आणि तोही फार मोठा.

शोध चालवायचा कसा, याची रीत सेक्स्टसने दिली आहे. एखाद्या दाव्याच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्ण मांडायचे, मग विरुद्ध बाजू तितक्याच ताकदीने मांडायची. दोन्ही पारडी खरोखर बरोबरीला आली, तर मन कुठल्याही बाजूला होकार देत नाही. ते थांबते. आणि या थांबण्याच्या मागोमाग मनाला एक शांती मिळते, असा या परंपरेचा अनुभव आहे. सेक्स्टस त्यासाठी अपेलीस या चित्रकाराची गोष्ट सांगतो. घोड्याच्या तोंडचा फेस त्याला काही केल्या जमेना. शेवटी कंटाळून त्याने रंग पुसायचा स्पंज चित्रावर फेकला, आणि त्या डागातून हवा तसा फेस उमटला. शांतीच्या मागे धावल्याने ती मिळाली नाही. निकालाचा हट्ट सोडला तेव्हा ती आली.

पारडी बरोबरीला कशी येतात हे दाखवण्यासाठी एनेसिदेमसच्या नावावर दहा युक्त्या आहेत. एकच वस्तू वेगळ्या प्राण्यांना, वेगळ्या माणसांना, वेगळ्या इंद्रियांना, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या प्रमाणात आणि वेगळ्या मिश्रणात वेगळी भासते, हे त्यांचे सार. यातली प्रमाणाची युक्ती आमच्या वसमतच्या मोंढ्यात कुणालाही पटेल. हळकुंड शिजवून, वाळवून, पॉलिश करून आले की वरून पिवळेधमक दिसते. मोडले की आत गडद नारिंगी निघते. दळले की पुन्हा पिवळी पूड. हळदीचा खरा रंग कोणता? खरेदीदार पोत्यात हात घालून हळकुंड मोडून बघतो, प्रयोगशाळा त्यातले कुरकुमीन मोजते, आणि घरची बाई भाजीला आलेल्या रंगावरून आणि वासावरून ठरवते. हळदीचे ‘असली’ रूप कोणते, यावर मोंढ्यात कुणी वाद घालत नाही. तरी सौदा होतो, भाव फुटतो, पोती काट्यावर चढतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वस्तूच्या अंतिम स्वरूपावर निकाल न देता तिच्याशी नीट व्यवहार करता येतो, हे सेक्स्टसचे म्हणणे इथे दर हंगामात खरे होते.

दहा युक्त्यांहून धारदार आहेत त्या अग्रिप्पाच्या पाच. कुठल्याही ठाम दाव्याला त्या पाच जागी अडवतात. पहिली: या बाबतीत जाणत्यांचाच मतभेद आहे. दुसरी: तू दिलेल्या कारणालाही कारण लागेल, आणि त्यालाही, याला अंत नाही. तिसरी: तुला जे दिसते ते तुझ्या जागेवरून दिसते. चौथी: तू काहीतरी तपासल्याशिवाय गृहीत धरले आहेस. पाचवी: जे सिद्ध करायचे त्याचाच तू पुरावा म्हणून वापर करतो आहेस. पारावरच्या कुठल्याही वादात या पाच जागा शोधून पाहाव्यात. ‘बोअरवेलींमुळेच धक्के बसतात, कारण बोअरवेली वाढल्यावर धक्के वाढले, आणि बोअरवेली वाढल्या त्या वाईट आहेत हे धक्क्यांवरूनच दिसते’ असा युक्तिवाद कानावर आला, तर पाचवी जागा आपोआप ओळखू येते. बोअरवेलींचा संबंध नाही, असे यातून सिद्ध होत नाही. संबंध आहे हे सिद्ध झालेले नाही, एवढेच समजते. या दोन वाक्यांतला फरक ज्याला जपता आला, त्याला या साधनेचा अर्धा भाग जमला.

३

निकाल राखून ठेवणे ही ग्रीकांकडून उसनी आणलेली गोष्ट आहे, असे मात्र समजू नये. बुद्धाच्या काळी संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य होता. परलोक आहे का, असे विचारले तर तो ‘आहे’ म्हणत नसे, ‘नाही’ म्हणत नसे, ‘आहे आणि नाही’ असेही म्हणत नसे, आणि ‘आहेही नाही, नाहीही नाही’ हेही नाकारत असे. बौद्ध ग्रंथांनी अशा लोकांना हातातून निसटणाऱ्या वाम माशाची उपमा दिली आणि त्यांच्यावर कडक टीका केली. गंमत अशी की बुद्धाचे दोन श्रेष्ठ शिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, आधी याच संजयाचे शिष्य होते. आणि स्वतः बुद्धानेही जग शाश्वत आहे की अशाश्वत, तथागत मरणानंतर असतो की नसतो, अशा काही प्रश्नांना उत्तर द्यायचे नाकारले. मालुंक्यपुत्त या शिष्याने हट्ट धरला तेव्हा त्याने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, त्याचे गोत्र काय, धनुष्य कसल्या लाकडाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा माणूस मरून जाईल. संजय आणि बुद्ध दोघेही गप्प राहिले, पण कारणे निराळी होती. एकाला कुठेही पकडले जायचे नव्हते. दुसऱ्याला बाण काढायचा होता. मौनाची किंमत त्यामागच्या कारणावरून ठरते.

वसमतहून औंढ्याच्या रस्त्याला लागले की शिरड शहापूरला मल्लिनाथाचे दिगंबर जैन मंदिर लागते. या परंपरेने अनेकान्त आणि स्याद्वाद दिला: प्रत्येक विधान एखाद्या दृष्टीने खरे असते, म्हणून ‘स्यात्’ लावून, सात भंगांत बोलावे. निकाल राखण्याशी याचे जवळचे नाते आहे, पण हे त्याहून वेगळे आहे. पिऱ्होचा अनुयायी दोन्ही बाजूंना होकार देत नाही. जैन तार्किक मर्यादा सांगून प्रत्येक बाजूला होकार देतो. एक थांबतो, दुसरा सगळीकडे मोजूनमापून पाऊल टाकतो.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट बौद्धांकडे आहे, जैनांकडे आहे, आणि आपल्या मराठीत ती तेराव्या शतकापासून आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त ती येते. कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या पाय, कुणाच्या शेपूट, आणि प्रत्येकाला वाटते की हत्ती एवढाच. या गोष्टीवर माझे मोठे प्रेम आहे, तरी तिच्यातली एक अडचण सांगायलाच हवी. गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती आधीच दिसत असतो. तो नसता, तर आंधळे चुकले हे आपल्याला कळलेच नसते. पिऱ्होचा अनुयायी विचारील: सगळा हत्ती बघितल्याचे सांगणारा हा डोळस कोण, आणि त्याच्या डोळ्यांची खात्री कुणी केली? निकाल राखण्याची शिस्त इतरांचा हत्ती अपुरा आहे हे शिकवण्यापुरती नाही. आपल्याही हाताखाली कदाचित फक्त कानच असेल, ही शंका जिवंत ठेवणे तिचे खरे काम आहे.

हिंगोली जिल्ह्याची मोठी ओळख नर्सीच्या नामदेवांची. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेवांनी हटकले, तेव्हा देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही येते. डोळ्यांना दिसले त्यावरून दिलेला निकाल कसा कोसळतो, हे ती शिकवते. परंतु तिचा शेवट शंकेत नाही, परम खात्रीत आहे. देव सर्वत्र आहे, हे नामदेवांना कळते. वारकरी अनुभवाचा मी आदर करतो, आणि म्हणूनच त्याला संशयवादाचे लेबल लावत नाही. सगळ्या जुन्या गोष्टींत आपला आवडता विचार सापडतो, असे म्हणणे हाही उतावळा निकालच आहे.

आपल्याकडे ही रीत सर्वांत पद्धतशीर झाली ती न्यायदर्शनात. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाचे आहे, आणि निर्णय नवव्या जागी येतो. वात्स्यायनाच्या भाष्यात स्पष्ट आहे की अगदी अज्ञात गोष्टीवर न्याय चालत नाही आणि पक्क्या ठरलेल्या गोष्टीवरही चालत नाही. तो चालतो जिथे संशय आहे तिथे. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही ऐकून जो ठरतो तो निर्णय. इथे संशय हा मुक्काम नाही, वाटेतला अनिवार्य टप्पा आहे. पिऱ्हो आणि गौतम यांतला हा फरक या पुस्तकात वारंवार येईल, आणि वाचकाने स्वतःची जागा त्या दोघांच्या मध्ये कुठे आहे हे शोधावे.

४

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नाव आडनावात घेऊन महाराष्ट्रभर पोचलेला एक माणूस या वाटेवर मला सर्वांत जवळचा वाटतो. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. त्यांना संशयवादी म्हणता येणार नाही. ते ठाम मतांचे, जाहीरपणे नास्तिक, समाजवादी विचाराचे होते. पण मत देण्याआधी विरुद्ध बाजू तिच्या समर्थकालाही मांडता येणार नाही इतक्या नेटकेपणाने मांडण्याची त्यांची सवय होती. मनुस्मृतीवरील विवेचनात त्यांनी समर्थकांचे युक्तिवाद समोर घेतले, त्यांना त्यांचे पूर्ण बळ दिले, आणि मग त्यांचा निरास केला. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे दीर्घ पत्र शिवचरित्रातल्या वादग्रस्त प्रश्नांची अशीच तपासणी करते. कोणते साधन समकालीन, कोणते नंतरचे, कशावर किती भार टाकायचा, हे ते वाचकासमोर उघडपणे तोलतात. त्यांचे निष्कर्ष न पटणारा माणूसही ती तोलण्याची रीत शिकून उठतो.

शिवरायांच्या जन्मतिथीचा इतिहास या रीतीचा उत्तम धडा आहे. बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे १६२७ चा वैशाख, ही तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये ‘केसरी’त या प्रश्नाची चर्चा केली. पुढे त्यांच्याच प्रयत्नाने १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आली. शिवभारतानेही तिला दुजोरा दिला. तरी अभ्यासकांचा वाद दशकानुदशके चालला. १९६६ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीतही एकमत झाले नाही. अखेर २००१ मध्ये शासनाने १६३० ची तिथी स्वीकारली. या शंभर वर्षांत शिवरायांवरचे प्रेम कुणाचे कमी झाले? जयंती कुणी थांबवली? लोकांनी आपल्या श्रद्धेने उत्सव केले, अभ्यासकांनी कागद तपासले, आणि नवा कागद आला तेव्हा जुना निकाल पुन्हा उघडला. प्रेम आणि तपास एकमेकांचे वैरी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

ही शिस्त आपल्या कायद्यातही आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात ती रोज वापरली जाते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या तिसऱ्या कलमात वस्तुस्थितीच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: शाबीत, नाशाबीत, आणि या दोन्हींत न बसणारी, शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही या तीन अवस्था कायम ठेवल्या. सामान्य बोलण्यात आपण खरे आणि खोटे अशा दोनच खुंट्या ठोकतो. कायद्याने तिसरी ठेवली आहे. न्यायाधीशाला शेवटी हुकूम द्यावाच लागतो, म्हणून शाबितीची जबाबदारी कुणावर हे आधी ठरलेले असते. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडताना न्यायालय ‘हा निष्पाप आहे’ असे सांगत असतेच असे नाही. त्याने गुन्हा केल्याचे शाबीत झाले नाही, एवढे ते सांगते. चहाच्या टपरीवर मात्र त्याचा अर्थ ‘सुटला, म्हणजे पैसे चारले’ किंवा ‘सुटला, म्हणजे खोटेच गोवले होते’ असा लागतो. तिसरी अवस्था सहन करणे माणसाला फार जड जाते.

५

या साधनेवरचे आक्षेप जुने आहेत, आणि त्यांना बगल देणारी प्रस्तावना प्रामाणिक नसेल.

पहिला आक्षेप स्टोइक पंथीयांनी घेतला: कशालाच होकार न देणारा माणूस वागणार कसा? तो विहिरीत पडेल, उपाशी मरेल. सेक्स्टसचे उत्तर असे की संशयवादी जगतो ते जे भासते त्याला धरून, आणि त्याला चार आधार असतात. निसर्गाने दिलेली संवेदना आणि विचारशक्ती, भूक-तहान यांसारख्या गरजा, समाजाच्या रूढी आणि कायदे, आणि हातातली विद्या किंवा कसब. तो वैद्यकी करतो, शेती करतो, सण करतो. अंतिम सत्याविषयीचा दावा तेवढा तो करत नाही. पत्र्यावरचा दगड उतरवायला भूकंपाचा सिद्धान्त लागत नाही, हे वर आलेच आहे. तरी या उत्तरात एक दुबळी जागा आहे. ‘समाजाच्या रूढी’ हा आधार सोयीचा असतो तो रूढी ज्याच्या बाजूने आहे त्याला.

म्हणून दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अन्यायासमोर निकाल राखणे म्हणजे अन्याय करणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या जळालेल्या घरांसमोर उभे राहून ‘दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत’ असे म्हणणारा माणूस निकाल राखत नव्हता. त्याला दिसत असलेले दिसू द्यायचे नव्हते. निकाल राखायचा तो पारडी खरोखर समान असताना. पुरावा डोळ्यांसमोर असताना ‘सांगता येत नाही’ म्हणणे ही भीरुता आहे, आणि कधीकधी ती भागीदारीही असते.

तिसरा धोका आधुनिक आहे. शंका विकतही मिळते. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध पुराव्याने स्पष्ट होत गेला, तेव्हा अमेरिकेतल्या तंबाखू उद्योगाने संशोधनाबद्दल लोकांच्या मनात संशय टिकवून ठेवण्यासाठी पद्धतशीर मोहीम चालवली. शंका हाच आपला माल, अशा अर्थाचे १९६९ चे कंपनीचे टिपण पुढे उघड झाले. खरा संशयी माणूस स्वतःच्या सोयीच्या बाजूवरही तेवढीच शंका घेतो. शंका एकाच दिशेने वाहत असेल, तर तिच्या उगमाशी कुणाचा तरी फायदा असण्याची शक्यता तपासावी.

आणि निकाल राखला नाही तर काय होते, तेही सांगायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच पसरल्या होत्या. जमावाने संशयाला पुरावा मानले आणि त्या पाचही जणांना ठेचून मारले. त्या जमावातल्या प्रत्येकाला बहुधा वाटत होते की आपण लेकरांना वाचवतो आहोत. ‘अजून माहीत नाही’ हे तीन शब्द म्हणणारी चार माणसे तिथे उभी राहिली असती, आणि त्यांचे ऐकले गेले असते, तर पोलीस येईपर्यंत पाच जीव राहिले असते. लेकरांची काळजी घ्यायला त्यांनी कुणाला मनाई केली नसती. अनोळखी माणसांना थांबवून ठेवता आले असते, ओळख विचारता आली असती. कृतीसाठी निकालाची गरज नव्हती, आणि निकाल तर मरणाचाच दिला गेला. तत्त्वज्ञान हा सुखवस्तूंचा फावल्या वेळचा उद्योग आहे, असे कुणी म्हटले की मला हे गाव आठवते.

६

पुढील पानांत वाचकाला पिऱ्हो आणि सेक्स्टस, संजय आणि बुद्ध, जैन आणि नैयायिक, मोंतेन्य आणि हुसेर्ल भेटतील. त्यांचे परस्परांशी भांडण आहे आणि ते मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. प्रत्येक प्रकरण वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत, असे सुचवतो. हा विचारवंत थांबतो तो कुठे? तो का थांबतो? आणि थांबल्यावर तो काय करत राहतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर त्याचे थांबणे तपासून बघावे.

सराव मात्र पुस्तकाबाहेरच करावा लागेल. फोनवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी तो शाबीत आहे, नाशाबीत आहे की नुसताच शाबीत न झालेला आहे, हे मनाशी ठरवावे. भावकीतल्या वादात ज्याच्याशी आपले पटत नाही त्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा मांडून पाहावी. डॉक्टर ‘रिपोर्ट आल्यावर बोलू’ म्हणतात तेव्हा त्यांना आत्ताच काहीतरी सांगा म्हणून भरीस घालू नये. शिक्षकांनी वर्गात ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणायला लाजू नये, कारण मुले ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय शिकत नाहीत.

यात धैर्य लागते. ठाम बोलणाऱ्याभोवती माणसे जमतात, आणि थांबणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात. तरी मला वाटते की लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला ही शिस्त ऐच्छिक नाही. आपण मत देतो, पंच म्हणून बसतो, साक्ष देतो, मुलांची लग्ने ठरवतो, शेजाऱ्याच्या चारित्र्यावर बोलतो. आपल्या शब्दाने दुसऱ्याचे आयुष्य हलते. म्हणून निकाल द्यायची वेळ येईल तेव्हा तो जरूर द्यावा, आणि ठामपणे द्यावा. मात्र कशावरून दिला हे सांगता आले पाहिजे, आणि नवा पुरावा समोर आला तर तोच निकाल आपल्याच हाताने पुन्हा उघडण्याची तयारी असली पाहिजे. तेवढी तयारी या पुस्तकाने एखाद्या वाचकात निर्माण केली, तर त्याचे काम झाले.

वसमत, जि. हिंगोली